उंदीर बरे झाले, मग माणसे का नाहीत?

मेंदूच्या झटक्यातून उंदरांना वाचवण्यात विज्ञान कमालीचे पारंगत झाले आहे. २००६ साली मेलबर्नच्या व्हिक्टोरिया ओ'कॉलिन्स, डेव्हिड हॉवेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची मोजदादच करून टाकली. इस्केमिक स्ट्रोकवर, म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी तुंबून येणाऱ्या झटक्यावर, तोवर सुचवले गेलेले प्रायोगिक उपचार भरले १,०२६. त्यांतले ११४ माणसांवर वापरून झाले होते. हाती काय लागले? गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेझ, आणि जोडीला जुनी ॲस्पिरिन. रक्त थांबल्यावर मरू घातलेल्या पेशींना तगवून धरणारे, जगभर मान्यता मिळालेले औषध एकही नाही. जपानमध्ये एडारावोन २००१ पासून दिले जाते, पण अमेरिका-युरोपात त्याला झटक्यासाठी तशी मान्यता मिळालेली नाही.

या आकड्यांवर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली प्राणिमित्रांची : इतके करूनही काही निघत नसेल तर बंद करा हे प्रकार. दुसरी संशोधकांची : विज्ञान असेच चालते, हजारांत एखादे लागते. मला दोन्ही उत्तरे सोयीची वाटतात. पहिल्यात उंदराकडून काय शिकायला मिळाले हे पाहण्याचे कष्ट नाहीत, दुसऱ्यात आपले कुठे चुकले हे पाहण्याचे. माझे म्हणणे असे, की उंदरावरचे संशोधन चालू राहावे. पण 'हे औषध झटक्यावर चालते' असे एकट्यादुकट्या प्रयोगशाळेने म्हणायचे आणि त्या भरवशावर रुग्णांना चाचणीत उभे करायचे, ही रीत मोडली पाहिजे.

आधी प्रयोग कसा होतो ते जवळून पाहू. सर्वांत रुळलेली पद्धत दोऱ्याची. जपानमध्ये कोइझुमी यांनी ती १९८६ मध्ये मांडली, १९८९ मध्ये लोंगा आणि सहकाऱ्यांनी सुधारली, आणि त्यानंतर ती जगभर पसरली. त्याआधी कवटी उघडून धमनी जाळावी लागे. इथे कवटीला हात लावावा लागत नाही. उंदराला आयसोफ्लुरेनची भूल देतात. मानेवर मधोमध छेद घेऊन डोक्याकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते ती जागा सूक्ष्मदर्शकाखाली मोकळी करतात. बाहेरचा फाटा बांधून कापतात आणि त्याच्या उरलेल्या ठुणक्यातून, टोकाला सिलिकॉन लावलेला नायलॉनचा दोरा आतल्या फाट्यात वळवून वर सारतात. छोट्या उंदरात नऊ-दहा मिलिमीटर, रॅटमध्ये, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरात, अठरा-वीस मिलिमीटर गेल्यावर बोटांना हलकासा अडथळा जाणवतो. दोऱ्याचे टोक मिडल सेरेब्रल आर्टरी या मेंदूतल्या मोठ्या धमनीच्या तोंडाशी बसलेले असते. कवटीवर लावलेल्या, रक्तप्रवाह मोजणाऱ्या लेझर डॉप्लरचा आकडा त्याच क्षणी कोसळतो. रक्तप्रवाह सत्तर-ऐंशी टक्क्यांनी घटला तर धमनी नीट बंद झाली असे धरतात. तास-दीड तासाने दोरा ओढून घेतात आणि रक्त पुन्हा धावू लागते. या सगळ्या वेळात उंदराखाली गरम गादी आणि गुदाशयात तापमापक असतो. अंग दोन-तीन अंशांनी जरी थंड पडले तरी मेंदू बराच वाचतो, आणि श्रेय मात्र औषधाला जाते.

उंदीर शुद्धीवर आला की त्याला शेपटीने उचलतात. झटक्याच्या विरुद्ध बाजूचा पुढचा पाय ताठ न होता छातीशी मुडपतो. खाली सोडले तर तो एकाच बाजूला गोल गोल फिरत राहतो. बाहेरचा फाटा बांधल्याने त्याला चघळणे जड जाते, म्हणून पिंजऱ्याच्या तळाशी भिजवून मऊ केलेले खाद्य ठेवावे लागते. न ठेवणाऱ्या प्रयोगशाळेत उंदीर भुकेने खंगतात आणि ते खंगणे झटक्याच्या खात्यावर मांडले जाते. बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी मेंदू काढून त्याच्या चकत्या करतात आणि टीटीसी या रंग देणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बुडवतात. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. पांढऱ्याचे क्षेत्रफळ मोजायचे, चकत्याचकत्यांची बेरीज करायची. औषध दिलेल्या गटात पांढरे कमी भरले की औषध लागू पडले.

माणसाच्या चाचणीत चकत्या करून कोणी पाहत नाही. तिथे नव्वद दिवसांनी विचारतात, की रुग्ण आधाराशिवाय चालतो का, स्वतःचे कपडे स्वतः घालतो का, आपले व्यवहार पाहू शकतो का. एकीकडे चोवीस तासांनंतरचा पांढरा डाग, दुसरीकडे तीन महिन्यांनंतरचे आयुष्य. या दोन मोजमापांमधली दरी औषधाने आपोआप ओलांडावी असे आपण गृहीत धरत आलो.

शिवाय मेंदू मेंदूत फरक आहे. छोट्या उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्याही आत, माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅम. उंदराच्या मेंदूचा पृष्ठभाग गुळगुळीत, घड्या नाहीत. आणि पेशींना जोडणाऱ्या तंतूंचा पांढरा भाग आपल्यात जवळपास निम्मा असतो, त्यांच्यात फारच थोडा. झटक्यात आपले हे तंतूही मरतात, पण औषधे मात्र प्रामुख्याने पेशींचे गठ्ठे वाचवण्यासाठी शोधली गेली. वयाचे तर विचारूच नका. प्रयोगातला नेहमीचा उंदीर दोन-तीन महिन्यांचा, नर, धडधाकट, एकाच वंशाचा आणि एकाच खाद्यावर वाढलेला. झटका येणारा माणूस बहुधा साठी-सत्तरीचा, रक्तदाबाचा, साखरेचा, चार गोळ्या आधीच घेणारा. आणि अर्थातच तो बाईही असतो.

एवढे सगळे ठाऊक असताना उंदीर हवाच कशाला? कारण झटक्यानंतर शरीरात काय घडते याचे आपले बरेचसे ज्ञान त्याच्याकडूनच आले आहे. माझ्या आवडीचे उदाहरण बर्लिनचे आहे. झटका आलेल्या रुग्णांना न्यूमोनिया फार होतो. त्याचे खापर गिळताना घशात अन्न अडकण्यावर फुटत असे, आणि ते खोटेही नव्हते. २००३ मध्ये बर्लिनच्या गटाने दाखवले, की दोरा घातलेल्या उंदरांनाही काही न करता फुप्फुसाचा संसर्ग होतो. का? मेंदूला इजा झाली की शरीराला ताणासाठी सज्ज करणारी सिंपथेटिक मज्जासंस्था चेकाळते आणि रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशींची संख्या कोसळते. शरीर स्वतःचे दार उघडे टाकते. बीटा-ब्लॉकर देऊन हा संकेत अडवला तर उंदरांचा संसर्ग टळला. ही यंत्रणा माणसातही सापडली. रुग्णाच्या खाटेशी उभे राहून हे कोणाला उलगडले असते असे मला वाटत नाही.

पण लगोलग पुढची कथा ऐका. संसर्ग मारायचा तर आधीच अँटिबायोटिक द्यावे, हा विचार सरळ होता. नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर रुग्णांवर सेफ्ट्रायाक्झोन वापरून चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला : तीन महिन्यांनंतरच्या अपंगत्वात काहीच फरक नाही. उंदराने सांगितलेली यंत्रणा खरी होती. तिच्यावरून बेतलेला उपचार उपयोगी ठरला नाही. 'हे कसे घडते' आणि 'याने रुग्ण बरा होतो का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि उंदीर पहिल्याचे उत्तर बऱ्यापैकी देतो. दुसऱ्याचे उत्तर त्याच्याकडून हवे असेल, तर त्याला वेगळ्या शिस्तीने विचारावे लागते. ती शिस्त अनेक दशके पाळली गेली नाही, आणि झटक्याच्या औषधांची सगळी शोकांतिका मला तिथेच दिसते.

एनएक्सवाय-०५९ या औषधाची गोष्ट या बाबतीत धडा म्हणून शिकवावी अशी आहे. पेशी मारणाऱ्या फ्री रॅडिकलना पकडून निकामी करणारे हे रसायन. उंदरांत चालले, माकडांत चालले. १९९९ मध्ये संशोधक आणि औषधकंपन्यांनी मिळून 'स्टेअर' नावाची नियमावली केली होती : डोस-परिणाम दाखवा, दोन प्रजातींत दाखवा, वागणुकीतला फरक दाखवा, वगैरे. एनएक्सवाय तिच्यात उत्तम बसते असा गवगवा होता. २००६ मध्ये १,७२२ रुग्णांच्या पहिल्या मोठ्या चाचणीत अपंगत्व किंचित कमी दिसले आणि आनंदीआनंद झाला. दुसरी चाचणी दुपटीच्या जवळपास, ३,३००च्या आसपास रुग्णांची. तिच्यात औषध आणि सलाइन यांत फरक सापडला नाही. ॲस्ट्राझेनेकाने प्रकल्प गुंडाळला आणि त्यासोबत बऱ्याच औषधकंपन्यांनी या क्षेत्राकडेच पाठ फिरवली.

मग एडिंबराच्या माल्कम मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी मागे जाऊन प्राण्यांवरचे सगळे प्रयोग पुन्हा तपासले. कोणत्या उंदराला औषध आणि कोणाला खोटे औषध हे चिठ्ठी टाकून ठरवले होते का? चकतीवरचा पांढरा भाग मोजणाऱ्याला तो उंदीर कोणत्या गटातला हे ठाऊक होते का? जिथे चिठ्ठी टाकल्याचा उल्लेख होता तिथे औषधाने मृत भाग सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाला होता. जिथे तो नव्हता तिथे पन्नास टक्क्यांहून जास्त. मोजणारा अनभिज्ञ होता की नव्हता यावरूनही जवळपास असाच फरक. म्हणजे गाजलेल्या परिणामाचा निम्म्याहून मोठा वाटा प्रयोग करणाऱ्यांच्या आशेतून आला होता, असे मानायला भरपूर जागा आहे.

यात लबाडी शोधण्याची गरज नाही. पिंजऱ्यातून उंदीर काढायचा म्हटले की आधी हाताशी येतो तो सुस्त, चपळ निसटतात. पहिले आलेले एका गटात, नंतरचे दुसऱ्या गटात टाकले की गट मुळातच वेगळे झाले. चकतीवर लाल कुठे संपते आणि पांढरे कुठे सुरू होते ती कड गुलाबीसर, पुसट असते. संगणकाच्या माऊसने रेघ ओढणाऱ्याचा हात कुठे वळायचा ते मन ठरवते. एखादा उंदीर दुसऱ्या रात्री मेला. तो मोजायचा, की 'शस्त्रक्रिया बिघडली' म्हणून वगळायचा? तो औषधाच्या गटातला आहे हे ठाऊक असेल तर निर्णय किती निष्पाप राहील? २०१६ मध्ये जर्मन संशोधकांनी झटका आणि कर्करोगावरचे शोधनिबंध यासाठी चाळले, तेव्हा बहुसंख्य प्रयोगांत किती उंदीर सुरुवातीला होते आणि किती अखेरीस मोजले गेले, याचा ताळमेळच लागेना. आठ-दहांच्या गटातून एक-दोन सोयीचे उंदीर गळाले की कोणतेही औषध गुणकारी दिसू शकते.

त्यावर कडी म्हणजे अपयश छापतच नाहीत. एमिली सेना आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये झटक्याच्या प्राणिप्रयोगांवरचे ५२५ शोधनिबंध तपासले. मृत भागावर काहीच लक्षणीय परिणाम झाला नाही असे सांगणारे निबंध त्यांत फक्त दोन टक्के! इतकी यशस्वी शाखा वैद्यकात दुसरी कुठली असेल? त्यांचा अंदाज असा, की छापून आलेल्या परिणामाचा सुमारे एक तृतीयांश भाग केवळ नको ते निकाल कपाटात राहिल्यामुळे फुगलेला आहे. कपाटातल्या त्या उंदरांनीही झटका सोसला होता.

इथे नीतीचा प्रश्न येतो आणि तो आपण चुकीच्या टोकाकडून धरतो असे मला वाटते. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन तत्त्वे जगभरच्या प्राणिनीती समित्या मानतात : शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरे काही वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. यातले दुसरे तत्त्व समित्यांच्या हाती सोपे हत्यार बनले आहे. अर्जात प्रत्येक गटात बावीस उंदीर मागितले, की 'दहात भागवा' असा शेरा येतो आणि समितीला भूतदयेचे समाधान मिळते. आता साधे गणित करू. मृत भागाचा आकार उंदरागणिक पस्तीस टक्क्यांनी मागेपुढे होतो असे धरा. या पद्धतीत तेवढे काही जास्त नाही. औषधाने तीस टक्के घट होते हे ऐंशी टक्के खात्रीने पकडायचे असेल, तर प्रत्येक गटात बावीसच्या आसपास उंदीर लागतात. आठ घेतले तर खरोखर चालणारे औषधही तीनांतून जेमतेम एकदा पकडीत येते. आणि जे योगायोगाने पकडीत येते त्याचा परिणाम आहे त्याहून मोठा दिसतो, कारण तेवढा मोठा दिसल्याशिवाय ते आठांत पकडताच येत नाही. म्हणजे सोळा उंदीर मारून आपण एक नाणे उडवले, तेही वाकडे. चव्वेचाळीस उंदरांत खरे उत्तर मिळत असेल, तर सोळांचा प्रयोग मला जास्त क्रूर वाटतो. संख्या कमी करायचीच असेल तर प्रयोगांची करा. दर वर्षी निघणाऱ्या किरकोळ, अर्धवट, 'आमच्या हातात चालले' छापाच्या प्रयोगांची.

प्राणिमित्रांचा पुढचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो : आता पर्याय आहेत. अमेरिकेने २०२२च्या अखेरीस कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राणिचाचणीची सक्ती काढली. मूळपेशींपासून वाढवलेले मेंदूचे गोळे, चिपवर रचलेली रक्तवाहिनीची भिंत, संगणकातली प्रारूपे हे सगळे झपाट्याने सुधारते आहे, आणि औषध विषारी आहे का यासारख्या प्रश्नांना ते उंदराहून चांगले उत्तर देतील असे मला वाटते. पण झटका म्हणजे फक्त ऑक्सिजनविना तडफडणारी पेशी नव्हे. हृदयाचा रक्तदाब, शेजारच्या धमन्यांतून वळसा घेऊन येणारे रक्त, प्लीहेतून निघालेल्या पांढऱ्या पेशी, मेंदूभोवतीची सूज, आणि शेवटी पाय उचलता येतो की नाही हा प्रश्न. ज्याला पायच नाहीत त्या गोळ्याला तो विचारणार कसा? बशीतला मेंदू गोल गोल फिरत नाही.

याच्या उलट टोकाला, उंदराऐवजी थेट माकडांकडे वळा असे म्हणणारेही आहेत. एनएक्सवाय माकडांत चालले होते, एवढी आठवण त्यांना पुरे. नेरिनेटाइड या औषधाचेही तसेच. २०१२ मध्ये मकाक माकडांत त्याने मेंदू वाचवल्याचे प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये १,१०५ रुग्णांच्या चाचणीत एकूण फायदा दिसला नाही. अल्टेप्लेझ न घेतलेल्या रुग्णांत मात्र फायद्याची चिन्हे होती. कारण अल्टेप्लेझने रक्तात तयार होणारे प्लाझ्मिन हे विकर नेरिनेटाइडचेच तुकडे करते. पुढे अल्टेप्लेझ न घेतलेल्यांवर स्वतंत्र चाचणी झाली, तिच्यातही ते चिन्ह टिकले नाही. दोन औषधे एकत्र दिली तर काय होते, हे माणसांपर्यंत जाण्याआधी पुरते घोळवायला हवे होते. इस्पितळात त्यांची गाठ पडणार हे उघड होते.

काही चुका तर इतक्या ढोबळ, की वाचून हसावे की रडावे कळत नाही. एनलिमोमॅब हे पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू न देणारे प्रतिपिंड. त्या धाटणीच्या प्रतिपिंडांनी उंदरांत मृत भाग घटवला. माणसांना दिलेले प्रतिपिंड उंदराच्या पेशींपासून बनवलेले होते, म्हणजे माणसाच्या शरीराला परके. ६२५ रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांचे मृत्यू आणि अपंगत्व वाढले, ताप-संसर्ग वाढले. नंतर रॅटना त्यांच्या दृष्टीने परके असलेले प्रतिपिंड देऊन पाहिले तेव्हा त्यांच्यातही दाहक प्रतिक्रिया उसळली. उंदराने अगदी बरोबर इशारा दिला असता. विचारले मात्र नंतर.

दिवस-रात्रीचाही असाच प्रकार. उंदीर निशाचर. आपण त्यांच्यावर प्रयोग करतो सकाळी दहा वाजता, म्हणजे त्यांच्या झोपेच्या वेळी. माणसांना झटके बहुधा जागेपणी येतात. २०२० मध्ये बोस्टनच्या एका गटाने तेच प्रयोग उंदरांच्या जागेपणी करून पाहिले. दिवसा मेंदू वाचवणारे तिन्ही उपचार रात्री फोल ठरले. जुन्या अपयशांतली किती घड्याळामुळे होती हे आता कोण सांगणार? पण प्रयोगशाळेतले दिवे उलटे लावणे हा काही अवघड खर्च नव्हे.

अलीकडे गंमत अशी झाली आहे, की ज्या दोऱ्याच्या पद्धतीला 'माणसासारखी नाही' म्हणून हिणवले, ती माणसासारखी होत चालली आहे. दोरा काढला की रक्त एकदम, पूर्ण वेगाने परतते. अल्टेप्लेझच्या काळात हे खोटे वाटे, कारण औषधाने गुठळी हळूहळू, अर्धीमुर्धी विरघळते. पण २०१५ मध्ये पाच चाचण्यांनी दाखवून दिले, की मोठ्या धमनीतली गुठळी जाळीदार स्टेंटने ओढून काढली तर बरेच रुग्ण स्वतःच्या पायावर उभे राहतात. २०१८ पासून निवडक रुग्णांत हे चोवीस तासांपर्यंत करता येते. गुठळी काढताक्षणी रक्त भसकन परतते, अगदी दोरा ओढल्यासारखे. ही क्रांती उंदरातून आलेली नाही, हे कबूल. पण धमनी उघडूनही अनेक रुग्ण अपंगच राहतात, आणि धमनी उघडण्याआधीच्या व उघडल्यानंतरच्या तासांत मेंदूला काय जपावे, हा प्रश्न दोरा घातलेला उंदीर आता पूर्वीपेक्षा जास्त प्रामाणिकपणे सोडवू शकतो. नेमक्या याच वेळी त्याला निवृत्त करणे शहाणपणाचे नाही.

उंदराला प्रश्न नीट कसा विचारायचा, याचा नमुनाही आता समोर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये 'स्पॅन' नावाचे जाळे उभे केले. सहा प्रयोगशाळा, सहा उपचार, उंदरांची वाटणी केंद्राकडून चिठ्ठीने. कुपीत काय आहे हे टोचणाऱ्याला ठाऊक नाही. उंदरांच्या हालचालींच्या चित्रफिती केंद्राकडे जातात आणि गुण देणाऱ्यांना गट माहीत नसतो. नर आणि मादी दोन्ही. तरुणांखेरीज म्हातारे उंदीर, लठ्ठ केलेले उंदीर आणि उच्च रक्तदाबाचे रॅटही. टप्प्याटप्प्याने जे चालत नाही ते बाद. एकूण २,६१५ प्राणी वापरले गेले आणि २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सहापैकी पाच उपचार मागे पडले. उरले एक, युरिक ॲसिड. ज्या पाचांना बाहेर काढले त्यांच्या बाजूने आधी एकेकट्या प्रयोगशाळांचे गोड निकाल होतेच.

युरिक ॲसिड माणसात चालेल का? स्पेनमधल्या चारशेवर रुग्णांच्या एका चाचणीत, २०१४ मध्ये, ठोस फायदा सिद्ध झाला नव्हता. स्त्रियांत काही आशा दिसली होती. त्यामुळे मी पैज लावणार नाही. पण पुढची चाचणी फसली तरी एक गोष्ट वेगळी असेल. या वेळी दोष मोजमापावर ढकलता येणार नाही. उंदीर आणि माणूस यांच्यातल्या खऱ्या फरकाविषयी आपल्याला काही कळेल, आणि आजवरच्या शेकडो अपयशांनी तेवढेही कळू दिले नाही.

स्पॅनवर आक्षेप आहे तो पैशाचा आणि वेळेचा. असे जाळे उभारायला वर्षे लागतात, आणि तरुण संशोधकाला तीन वर्षांत निबंध छापायचे असतात. अडचण खरी आहे. म्हणून प्रत्येक प्रयोगाला हा नियम लावा असे मी म्हणत नाही. एखादी पेशी झटक्यानंतर काय करते हे शोधायला बारा उंदरांची, मोकळ्या हाताची प्रयोगशाळा हवीच; बर्लिनचा शोध तसाच लागला. कडक नियम हवा तो तिथून पुढच्या उडीला. औषध माणसाला द्यायचे ठरले की किमान दोन-तीन स्वतंत्र प्रयोगशाळांत, आधी नोंदवलेल्या आराखड्याने, म्हाताऱ्या आणि आजारी प्राण्यांत ते टिकलेले असावे. आणि निकाल काहीही लागो, छापला जावा. माणसांवरच्या चाचण्यांना आधी नोंदणी सक्तीची झाली तेव्हाही असाच ओरडा झाला होता. निबंध लिहिताना काय सांगावे याची यादी २०१० पासून 'अराइव्ह' नावाने उपलब्ध आहे, नियतकालिके तिला माना डोलावतात आणि पुढे सरकतात. डोलावून भागत नाही. अनुदान देणाऱ्याने शेवटचा हप्ता अडवला की भागते.

आणि एक दार असे आहे, जिथे हा प्रश्न कोणी विचारतच नाही : माणसांवरच्या चाचण्यांना परवानगी देणारी नीतिसमिती. तिच्यापुढे औषधाची जी माहितीपुस्तिका ठेवतात, तशा शंभरावर पुस्तिका जर्मनीतल्या संशोधकांनी तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांत वर्णन केलेल्या सातशेवर प्राणिप्रयोगांपैकी पाच टक्क्यांहून कमी ठिकाणी चिठ्ठी टाकली होती का, मोजणारा अनभिज्ञ होता का, उंदीर किती घ्यायचे हे कसे ठरवले, याचा उल्लेख होता. 'काही परिणाम नाही' असे सांगणारे प्रयोग तर अगदीच मोजके. म्हणजे समितीने जोखीम आणि फायदा तोलायचा, पण फायद्याच्या पारड्यात काय टाकले आहे ते तिने बघायचे नाही. झटका आलेला रुग्ण बऱ्याचदा बोलू शकत नाही. त्याच्या वतीने सही करते ती हादरलेली बायको किंवा मुलगा, आणि हाताशी असतात जेमतेम काही मिनिटे. 'हे औषध प्राण्यांमध्ये आशादायक ठरले आहे' हे वाक्य त्या कागदावर हमखास असते. त्याच्या पुढच्या ओळीत किती प्रयोगशाळांत, किती प्राण्यांत, चिठ्ठी टाकून की न टाकता, हे छापायला लावण्यासाठी नवा कायदा लागत नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत एका सदस्याने विचारले तरी पुरे.